चिकटवलेलं पान

जंगम बाई गेल्याचं मला पोलादपूरच्या एसटी स्टँडवर कळलं, मोबाइलवर. शिक्षकांच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आणि खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग. त्या आजारी आहेत हे ठाऊक होतं, भेटायला जायचं राहून गेलं... खरं तर मीच ते राहू दिलं. तो फोटो आमच्या शाळेच्या एका जुन्या ग्रुप फोटोतून कापलेला आहे. बाईंच्या खांद्याला लागून एक निळी बाही दिसते. ती माझी. पाच आठवडे झाले, तो फोटो मला पुसताही येत नाही आणि बघवतही नाही.

आमची डोंगरातली दोन शिक्षकांची शाळा. मी मुख्याध्यापक. 'कागदं सरांची, मुलं माझी,' असं बाई चिडवायच्या. दुपारची खिचडी खाऊन मुलं पेंगायला लागली की त्या सतरंजीवर बसून गोष्टीचं एक पुस्तक वाचायच्या. चित्रं मुलांकडे, आणि स्वतः मान वाकडी करून अक्षरं बघायच्या. वाचून झालं की पुस्तक मिटून मधोमध ठेवायच्या. प्रश्न नाही, तात्पर्य नाही. मी म्हणायचो, "बाई, निदान दोन प्रश्न तरी विचारा." त्यावर, "सर, सिनेमा बघून आल्यावर तुमची परीक्षा घेतं का कोणी?" मला राग यायचा. पण त्या पुस्तकासाठी पहिलीची पोरं भांडायची, अक्षरं येत नसताना चित्रांवर बोट फिरवत एकमेकांना गोष्ट सांगायची आणि दिवाळीनंतर खरोखरच वाचायला लागायची, हेही मला दिसत होतं.

मग एका पावसाळ्यात पलीकडच्या वाडीवर डोंगर खाली आला. त्या वाडीतली वेदिका आमच्या गावात मावशीकडे राहायला आली. दुसरीतली पोर. आई आणि धाकटा भाऊ दोघंही त्या दरडीत गेली होती. ती कोणाशी बोलायची नाही, रडायची नाही, पुस्तकांच्या पेटीजवळ मात्र दिवसभर बसायची. पेटीत सगळ्यांचं लाडकं एक पुस्तक होतं. त्यात एका डोंगराला कंटाळा येतो आणि तो उठून समुद्र बघायला निघतो. मधल्या दोन पानांवर मिळून डोंगर पाय उचलतो, असं मोठं चित्र. मला ते बघवेना. एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी ती दोन पानं समोरासमोर डिंकानं चिकटवून टाकली. बाईंना विचारलंसुद्धा नाही. मला वाटलं, मी त्या पोरीला वाचवतोय.

चार दिवसांत वेदिकाला ते सापडलं. शाळेत आल्यापासून तोंडातून निघालेलं तिचं पहिलं वाक्य माझ्या वाट्याला आलं.

"सर, हितं काय हाय?"

"काही नाही गं. पानं चिकटलीत आपोआप."

ती माझ्याकडे बघत राहिली. पुस्तक जागेवर ठेवलं आणि त्यानंतर पेटीकडे फिरकलीच नाही. तिचा सगळ्याच पुस्तकांवरचा विश्वास उडाला होता, हे मला फार उशिरा उमजलं. बाईंना लगेच उमजलं. त्यांनी खिचडीच्या पातेल्याच्या वाफेवर ती पानं धरली, नखानं हळूहळू सोडवली, आणि वेदिकाला जवळ घेऊन पहिल्यापासून वाचायला बसल्या. मी दारात उभा होतो. त्या चित्रापाशी वेदिका म्हणाली, "बाई, त्याला म्हाईत नव्हतं काय, पायाखाली कोण हाय?"

बाई म्हणाल्या, "मला नाही गं माहीत."

आणि वेदिका रडली. आल्यापासून पहिल्यांदा, मोठमोठ्यानं. मी सगळ्या मुलांसमोर बाईंवर ओरडलो, "तुम्हाला काळीज आहे की नाही?" दुसऱ्या दिवसापासून वर्गातलं वाचन बंद करायला लावलं. बाईंनी वाद घातला नाही. शाळा सुटल्यावर पायरीवर बसून त्या वेदिकाला तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचून दाखवायच्या आणि मी आत कागद चाळत ऐकायचो. दोन महिन्यांत ती पोर स्वतः वाचू लागली, बोलू लागली. माझं चुकलं, एवढे दोन शब्द तरीही माझ्या तोंडून निघाले नाहीत. बाईंची बदली झाली तेव्हा निरोपाच्या भाषणात मी त्यांच्या वक्तशीरपणाचं कौतुक केलं. वक्तशीरपणाचं!

ती बातमी आल्यापासून दुपारी मीच मुलांना वाचून दाखवतो. वाईट वाचतो. वाचताना दारात कोणीतरी उभं आहे असं सारखं वाटतं, मी मान वर करतो, दार रिकामं असतं. मुलंही आता वळून दाराकडे बघायला लागली आहेत.

गेल्या शनिवारी दारात खरंच कोणीतरी होतं. वेदिका. आता सातवीत आहे, खालच्या गावातल्या शाळेत जाते. मुलं घरी गेल्यावर मी तिला समोर बसवलं आणि माझ्याही नकळत बोलून गेलो, "वेदिका, ती पानं मी चिकटवली होती."

"ठाव हाय सर."

"बाईंनी सांगितलं?"

"तवाच. म्हणाल्या, तू इचारू नको गो, सर आपणहून सांगतील." ती सतरंजीचा धागा ओढत राहिली. "दवाखान्यात गेलेली मी त्यांना बघायला. तवा पण इचारलं त्यांनी, सरांनी सांगितलं काय म्हणून."

"मग तू काय म्हणालीस?"

"नाय म्हणाले."