काळ्या भिंतीवरची खूण

स्टेडियमच्या पायऱ्यांखाली जी व्यायामशाळा आहे, तिथल्या मास्तरांचा माणसांच्या बोलण्यावर विश्वास नव्हता, भिंतीवर होता. दाराशेजारची भिंत त्यांनी मुद्दाम काळी रंगवून घेतली होती. सकाळी आल्या आल्या प्रत्येक खेळाडूने बोटांना खडू लावायचा, जागच्या जागी उडी मारायची आणि हात पोचेल तिथे भिंतीला टेकवायचा. खूण रोजच्या जागी आली तर ठरलेलं वजन उचलायचं. दोन बोटं खाली आली तर अंग थकलेलं आहे असं समजून वजन कमी.

"सर, मी ठणठणीत आहे," गोळाफेकवाला कुरकुरायचा.

"तू आहेस रे. तुझे पाय नाहीत. तोंड काय, काहीही बोलतं. भिंत खोटं बोलत नाही."

हे वाक्य मास्तरांच्या बायकोने इतक्यांदा ऐकलं होतं की एकदा ती म्हणाली, "मग संसारही भिंतीशीच थाटायचा होता. तीही तुमच्याइतकीच बोलकी आहे."

मुलगी उंच उडी मारायची. व्यायामशाळेचं दार ओलांडलं की बाबांचे 'सर' व्हायचे, हा नियम त्यांचाच, आणि तिने तो कधी मोडला नाही. परगावच्या मोठ्या केंद्राचं बोलावणं आलं, तेव्हा वजनं जागेवर लावता लावता तिने विचारलं, "सर, जाऊ का मी?"

मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं. "गेल्या हंगामापासून तुझी खूण हललेली नाही. इथे मिळायचं ते मिळालं. जा."

उत्तर बिनचूक होतं. प्रश्नात 'सर' असलं तरी तो वडिलांना विचारलेला होता, हे त्यांच्या ध्यानात घरी जाताना अर्ध्या वाटेत आलं. तोवर ती बरीच पुढे निघून गेली होती. पायांत ताकद त्यांनीच भरली होती. तक्रार कुणाकडे करणार?

मग रविवारचे फोन सुरू झाले. झोप किती, वजन किती, गुडघा कसा. एवढं झालं की फोन बायकोकडे जाई.

"वजन विचारलं ना? म्हणजे आठवण येतेय त्यांना," ती मुलीला समजावून सांगे. "झोप विचारली तर फारच येतेय, असं समज."

रोज संध्याकाळी मास्तर ओल्या फडक्याने भिंत पुसत, मुलीची शेवटची खूण तेवढी सोडून. पुसणारे तेच, त्यामुळे जाब विचारायला कुणी नव्हतं.

एकदा ती स्पर्धेहून परतताना गाडी बदलायला इथे उतरणार, दुपारभर थांबणार, असं कळलं. मास्तरांनी मनातल्या मनात सगळं जुळवलं. स्पर्धा, प्रवास, जागरण; खूण खाली येणारच. आली की सांगायचं, दोन दिवस थांब, विश्रांती घे. म्हणजे त्यात लाडाचा भाग नाही, शास्त्रच तसं सांगतं.

आईकडे जेवून ती बॅग घेऊनच व्यायामशाळेत आली.

"नमस्कार, सर."

"खडू लाव."

"आत्ता जेवलेय."

"सगळेच जेवतात."

तिने उडी मारली. नवी खूण जुन्या खुणेच्या चार बोटं वर उमटली. तिकडचा प्रशिक्षक चोख माणूस होता, यात शंकेला जागा उरली नाही. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खूण तिथेच होती.

"खाली आलीय," ते म्हणाले. "थकली आहेस. दोन दिवस थांब."

कोपऱ्यात गोळाफेकवाल्याच्या हातातलं वजन तसंच अधांतरी राहिलं. मुलीने भिंतीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"हो, थकलेय, बाबा," ती म्हणाली. त्या छपराखाली हा शब्द पहिल्यांदाच आला होता. मास्तरांनी नियमाची आठवण करून दिली नाही. "पण उद्या सकाळी तिकडे हजर व्हायचंय. तिकडचे सरही कुणाचं ऐकत नाहीत."

ते तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. बॅग त्यांनीच घेतली. वाटेत झोप, वजन, गुडघा यांतलं काहीच विचारलं नाही, त्यामुळे बोलायला फारसं काही उरलं नाही.

संध्याकाळी भिंत पुसताना त्यांनी दोन्ही खुणा राहू दिल्या. सकाळी नव्याने आलेल्या एका धावपटू मुलीने मान वर करून विचारलं, "सर, ती सगळ्यात वरची कुणाची?"

"एका थकलेल्या मुलीची," मास्तर म्हणाले आणि त्यांनी खडू पुढे केला.