बेताचं मीठ

चिमूटमावशींना मोजमापाचं वावडं होतं. कारखान्याच्या खानावळीत त्यांनी उभी हयात रांधण्यात घालवली, पण मिठाला चमचा कधी लावला नाही. मोठ्या पातेल्यात मूठ, लहान पातेल्यात चिमूट, संपला विषय. नवा साहेब आला की स्वयंपाकघरात मापं लावायच्या गोष्टी करायचा आणि आठवड्याभरात गुपचूप दुसऱ्यांदा भाजी मागायचा. हाताला चव म्हणतात ती मावशींच्या हाताला होती, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. विनय वगैरे भानगडी त्यांनी इतरांसाठी सोडल्या होत्या.

त्यांचे यजमान रेडिओ दुरुस्त करायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. राहत्या घराची पुढची खोली हेच दुकान. टेबलावर उघडे पडलेले रेडिओ, तारांची भेंडोळी आणि कथलाचा डाग द्यायची तापती सळई. मनाने मऊ माणूस, पण तोंडाने एक नंबरचा टवाळ. मावशी खानावळीतून निवृत्त झाल्या तेव्हा कामगारांनी वर्गणी काढून त्यांना एक पितळी मीठदाणी दिली. ती पाहून मास्तर म्हणाले, "बरं झालं. आता तुझ्या चिमटीला सुट्टी."

"माझी चिमूट मेल्यावरच सुटेल," मावशी म्हणाल्या.

सुट्टी झाली ती मास्तरांच्या हृदयामुळे. जिना चढताना ते मधेच थांबायला लागले. पायांना सूज, झोपायला तीन उशा, आडवं झालं की गुदमरायचं. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचा पंप थकलाय. हा आजार जायचा नाही, सांभाळायचा. जेवणातलं मीठ अगदी कमी करा. जुनी गोळी बंद झाली, मधे दीड दिवस कोरडा ठेवला आणि मग नवी गोळी सुरू झाली. सकाळी एक, संध्याकाळी एक. एकाच गोळीत दोन औषधं.

"आपल्यासारखंच जोडपं आहे," मास्तर गोळी तळहातावर फिरवत म्हणाले. "एक जण गोडीत घेतो, दुसरी काम उरकते. आता यातला कोण कोण, ते मी कशाला सांगू?"

गोळीने खरंच गुण दिला. झटकन उठलं की चक्कर यायची, तेवढं सोडलं तर माणूस पुन्हा माणसात आला. डॉक्टरांनी मात्रा वाढवली. तीन उशांची एक झाली. मास्तर एका दमात जिना चढून आले आणि वरून ओरडले, "अगं, बघ!" तेव्हा मावशी पदर तोंडाला लावून रडल्या. आनंदाने, पण रडल्याच.

घोडं अडलं ते ताटापाशी. बिनमिठाचा घास मास्तरांच्या घशाखाली उतरेना. दोन घास चिवडायचे आणि भूक नाही म्हणून उठायचे. हाडं दिसायला लागली. ज्या बाईने आयुष्यभर परक्यांना बोटं चाटायला लावली, तिच्या नवऱ्याचं ताट रोज भरलेलं परत यायचं. मावशींना ते जिव्हारी लागलं.

मग एक दिवस किराणा दुकानात त्यांना तो पुडा दिसला. कमी सोडियमचं मीठ. वर लाल बदामाचं चित्र, हृदयाला हितकारक. मावशींनी ना डॉक्टरांना विचारलं, ना औषधवाल्याला. मिठातलं मावशींना कोण शिकवणार? त्यांनी घरी येऊन बटाट्याच्या भाजीत हात मोकळा सोडला. मास्तरांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बेताचं झालंय!"

त्या दिवसापासून ताट लख्ख व्हायला लागलं. काही आठवडे घरात दिवाळी होती म्हणा ना.

आणि एका सकाळी मास्तरांचे पाय गळाले. उठवेना, नाडी मंद, ओठ पांढरे. इस्पितळात रक्त तपासलं. कसलासा क्षार फार वाढलाय, म्हणाले. ती गोळी थांबवली. महिन्याभराने पुन्हा सुरू केली, पण अर्ध्याच मात्रेत. त्या दणक्याने मूत्रपिंडं कमजोर झाली होती, मात्रा वाढवायला गेलं की रक्तातलं बिघडायचं. एका उशीच्या पुन्हा तीन झाल्या.

"एवढं झालं कशानं?" मावशींनी विचारलं.

"गोळीचाच तो गुण," मास्तर म्हणाले. "नवी सून. घरात आली की आधी भांडी वाजायचीच."

मावशींनी गोळीच्या नावाने बोटं मोडली. रोज सकाळ-संध्याकाळ ती मास्तरांच्या हातावर ठेवताना त्या तिला मनातल्या मनात शिव्या घालत.

इस्पितळातून घरी आल्या आल्या मास्तरांनी एक नवा नियम काढला होता. "डॉक्टर म्हणाले, शिजवताना मीठ अजिबात नको. ताटात वरून काय ते मी घेईन. तुझं ते बदामवालं मीठ या दाणीत भरायचं, आणि दाणी हे माझं खातं. तू हात लावायचा नाही." झाकण सैल आहे म्हणत ते मीठदाणी पुढच्या खोलीत घेऊन गेले आणि दुरुस्त करून आले.

मग रोजचा तोच खेळ. मास्तर दाणी उलटी करून ताटावर दणादण हलवायचे, भाजीवर, अंड्यावर, काकडीवर. मावशी म्हणायच्या, "अहो, पुरे!" मास्तर घास घ्यायचे, डोळे मिटायचे, म्हणायचे, "बेताचं झालंय!" पुडा संपला की नवा आणायला सांगायचे, आणि मावशी मिरवत जाऊन आणायच्या. ताट रोज चाटून पुसून लख्ख. असं वर्षभर चाललं. मग एका दुपारी टेबलाशी बसल्या बसल्याच मास्तर गेले. समोरचा रेडिओ चालू होता.

मावशींनी नंतर सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली, येईल त्याला सांगितली. माणूस गेला, त्याला इलाज नव्हता. पण शेवटच्या दिवसापर्यंत चवीने जेवला. मी त्यांना अळणी घास गिळायला लावला नाही. एवढ्या एका आधारावर त्या उभ्या होत्या.

लेक राहायला आली होती. जेवताना तिने उकडलेलं अंडं सोललं आणि सहज मीठदाणी उचलली. हलवली. काही पडेना. आपटली, तरी नाही. "मीठ दमट झालं असेल," मावशी म्हणाल्या. लेकीने झाकण फिरवून काढलं. दाणी काठोकाठ भरलेली होती. तिने झाकण उजेडात धरलं.

"आई, याची भोकं बुजवलीयत. आतून."

मावशींनी चष्मा लावला. प्रत्येक भोकावर आतून नीट, गोल, चकचकीत डाग दिला होता. तसा डाग देणारा हात त्यांनी हजारांत ओळखला असता.

संध्याकाळी त्या झाकण आणि उरलेला पुडा घेऊन औषधवाल्याकडे गेल्या. त्याने दोन्हीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मावशी, डॉक्टरांनी त्यांना विचारलं होतं, कुठलं मीठ खाता? म्हणून ते हा पुडा माझ्याकडे घेऊन आले. या मिठात पोटॅशियम असतं. एरवी चालतं बऱ्याच जणांना. पण त्या गोळीने शरीरातलं पोटॅशियम आधीच वाढतं, त्यात हे भर घालतं. मी म्हटलं, मावशींना सांगतो. तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, तिला कळलं ना, तर ती पुन्हा चुलीपाशी जायची नाही. हे मी मिटवतो. नंतर दर पुड्यातलं मीठ ते गुपचूप माझ्या दुकानामागच्या गटारात ओतून जायचे."

मावशींनी कठड्याला धरलं. "म्हणजे मीच?"

"हृदय आधीच थकलेलं होतं, मावशी."

"ते नको सांगू. गोळी पुरी मिळाली असती तर जगले असते का?"

"कदाचित थोडे जास्त," तो म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमलं नाही. "किती, ते कोणालाच नाही सांगता येणार."

घरी आल्यावर लेक सगळं ऐकून रडली, तिने आईला जवळ घेतलं. मग म्हणाली, "दे ते झाकण. भोकं मोकळी करून आणते."

"हात लावायचा नाही," मावशी ओरडल्या. "ते त्यांचं खातं आहे."

त्यांनी बटाट्याची भाजी केली, मिठाशिवाय. झाकण पुन्हा फिरवून घट्ट बसवलं आणि दाणी ताटावर उलटी धरून हलवली, मास्तर हलवायचे तशी, दणादण. आत मीठ सळसळलं. बाहेर एक कण पडला नाही. मावशींनी घास घेतला. वर्षभर, दोन्ही वेळा, हे असं. आणि समोर बसून आपण कौतुकाने बघत होतो.

त्यांनी डोळे मिटले, घास गिळला आणि मास्तरांचे ते शब्द म्हणायला तोंड उघडलं. लेक वाट बघत राहिली. शब्द काही आले नाहीत.