डाव्या हाताचा विळा

आमच्या घरात डावखुरी मी एकटीच. जेवायला बसले की आई डावा हात मांडीखाली दाबून ठेवायला लावायची, म्हणून जेवते उजव्या हाताने. लिहायलाही छड्या खाऊन उजव्या हातानेच शिकले. पण हत्यार धरायची वेळ आली की डावा आपणहून पुढे यायचा, त्याला कोण काय करणार?

विळ्याशी माझं कधी जमलं नाही. त्याच्या वाकड्या पात्याला दाते एकाच बाजूने पाडलेले असतात. उजव्या हाताने ओढलं की ते गवतात रुततात. डाव्याने ओढलं की पातं नुसतं घसरतं आणि गवत सोडून मुठीतल्या बोटांवर येतं. माझी धाकटी बहीण सपासप बांध साफ करून भारा बांधायची, तोवर मी बोटाला चिंधी गुंडाळत बसलेली असायचे. उसाच्या कोयत्याचं तसं नाही. आमच्याकडचा कोयता सरळ, रुंद पात्याचा. तो ओढायचा नसतो, हाणायचा असतो, आणि त्याला डावं-उजवं कळत नाही. मला तो फार आवडायचा.

आई-वडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला बेलापूरच्या साखर कारखान्याकडे जायचे. आम्ही दोघी चुलतीकडे राहून शाळा करायचो. मी आठवीत आणि धाकटी सातवीत असताना आईची कंबर धरली. डॉक्टरांनी ओझं उचलू नका म्हणून सांगितलं. तोडीला तर जोडीच लागते, एकट्या माणसाला कोणी नेत नाही. म्हणजे दोघींपैकी एकीने वडिलांबरोबर जायचं आणि दुसरीने आईपाशी राहून गाईचा चारा आणि शाळा सांभाळायची. आम्हाला मात्र यातलं अक्षरही कोणी सांगितलं नव्हतं.

खंडेनवमीला वडिलांनी पोतं अंथरून हत्यारं मांडली. खुरपं, कुऱ्हाड, विळा, कोयता. हळदकुंकू वाहून नारळ फोडला आणि आम्हाला म्हणाले, "एकएक हत्यार उचला गं. जे उचलाल त्ये तुमचं." असा काही रिवाज आमच्यात नव्हता, पण सणाचा दिवस, आम्हाला खेळच वाटला. धाकटीने विळा उचलला. मी कोयता. वडिलांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. आई चुलीकडे तोंड करून बसली होती, तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

दिवाळीनंतर मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवलं. पाचटाने शाकारलेल्या कोपीत राहिले, उसाच्या पानांनी हातांवर चिरा पडल्या, आणि शिमग्याला परत आले तेव्हा वर्ग कुठच्या कुठे गेला होता. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी शाळेने विचारणंच सोडलं. मी कुरकुर केली की घरात उत्तर ठरलेलं, "तूच उचलला हुतास की!" आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, असं मी वीस वर्षं मानत आले. धाकटी आज शिक्षिका आहे. दिवाळीला येताना माझ्यासाठी तिच्या जुन्या साड्या आणते आणि म्हणते, "ताई, तू शिकली असतीस तर माझ्या पुढे गेली असतीस." तेव्हा तिचं तोंड बघवत नाही मला.

गेल्या वर्षी खर्ड्याच्या बाजारात कोयता शेवटायला, म्हणजे पातं तापवून नवी धार काढून घ्यायला, म्हाताऱ्या लोहारापुढे बसले होते. तयार कोयता मी डाव्या हातात तोलून पाहिला, तसं त्याने गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं.

"मंग ती डावरी पोरगी तूच व्हय? तुझ्या बापाला म्या म्हणलो हुतो, डाव्या हाताचा इळा करून देतो, दाते उलट्या अंगानं पाडायचे, लई काम न्हाई. त्यो म्हणला, ऱ्हाऊ दे, औंदा नगं."

"कधीची गोष्ट ही?"

"तुझी आई आजारी पडली न्हवं का, त्या साली. दसऱ्याच्या तोंडावर."

कोयता तिथेच टाकावा असं वाटलं. पण हंगाम तोंडावर होता, घेऊन आले.

माझं सासर गावातच. आई गेल्यापासून वडिलांचं जेवणखाण माझ्याकडेच असतं, धाकटीकडे त्यांना करमत नाही. आल्या आल्या मी त्यांना त्या विळ्याचं विचारलं. वाटलं होतं, खोटं बोलतील. निदान विसरलो म्हणतील.

ते म्हणाले, "कुनाला तरी न्यावंच लागनार हुतं. सांगून नेली असती तर रोज रडली असतीस. सोताच्या हातानं उचललं म्हंजी मानूस रडत न्हाई."

एवढं बोलून त्यांनी ताट पुढे सरकवलं. माझ्या अंगाची नुसती आग होत होती. मी भाकरी वाढली, कालवण वाढलं आणि ते जेवेपर्यंत तिथेच बसून राहिले.