पोस्टवर उरलेले दोघं

मी लोहारा तालुक्यातला. आमचं घर ख्रिस्ती. वडील सायकलवर गावोगाव फिरून प्रार्थना घ्यायचे. मीही तेच करावं, अशी त्यांची इच्छा होती. ती टाळायला मी भरतीला गेलो, हे आज सांगायला हरकत नाही.

नाईक झालो तेव्हा आमची तुकडी उत्तरेच्या बर्फात होती. पोस्टवर सहा जण. पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे रायफल घेऊन मोर्च्यावर सज्ज, सहाला रेडिओवर रिपोर्ट, मग फावड्यानं बर्फ काढायचं. एका सोमवारी चौघं रसद आणायला बेसला उतरले. दुपारी हवा फिरली आणि रस्ता बुजला. वर राहिलो मी आणि शिपाई शिवानंद बिराजदार. तो उमरग्याजवळचा, लिंगायत घरातला. घरी कन्नड, माझ्याशी मराठी.

मंगळवारी पहाटे पाचला तो उठला नाही. श्वास घेताना छातीत घरघर होत होती. उंचीवर फुफ्फुसात पाणी भरतं, ते आम्हाला शिकवलेलं होतं. औषध दिलं, ऑक्सिजन लावला, रेडिओ घेतला.

"बेस, एक जवान सीरियस. चॉपर पाहिजे. ओव्हर."

"मौसम खराब. चॉपर नाही. होल्ड करा. ओव्हर."

दर तासाला विचारलं. दर तासाला तेच उत्तर.

बुधवारी दुपारी दुसरा सिलिंडर संपत आला. शिवानंदनं मास्क बाजूला केला.

"नाईकसाब, तुमी येशूचे ना?"

"व्हय."

"मग प्रार्थना म्हणा की. मोठ्यानं. मला आयकू येऊ द्या."

"लई वर्षं झाली रे. आता येत न्हाय."

"येईल तशी म्हणा."

त्याचा एक हात गळ्यातल्या इष्टलिंगावर होता. दुसरा मी धरला आणि बोलायला लागलो. शब्द अडखळत होते. देवाला त्याच्या आईचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं, त्याला भीती वाटू देऊ नको म्हणालो. मी थांबलो की तो बोटं दाबायचा. तीन चाळीसला बोटं दाबायची थांबली.

रेडिओवर कळवलं. त्याला शेजारच्या बंकरमध्ये नीट ठेवलं, ब्लँकेट घातलं. पुढचे नऊ दिवस पोस्टवर मी एकटा होतो.

पहिले चार दिवस देवाशी भांडलो. मोठ्यानं, कारण ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. ड्यूटी मात्र चुकवली नाही. पाचव्या दिवशी बर्फ काढताना ध्यानात आलं की ज्याच्याशी मी चार दिवस भांडतोय, तो आहे याबद्दल मला एकदाही शंका आलेली नाही. फावडं टेकवून तिथंच गुडघ्यावर बसलो. लोक विचारतात, आवाज आला का? नाही आला. पण त्या दिवसापासून मी एकटा नव्हतो.

दहाव्या दिवशी खालून रस्ता काढत लिंक पार्टी पोचली. शिवानंदला घरी पोचवायची ड्यूटी मी मागून घेतली.

मातीला सगळं गाव जमलं होतं. सगळं उरकल्यावर त्याच्या आईनं, अव्वानं, मला जवळ बसवलं.

"शेवटाला त्याच्यापाशी कोण होतं?"

"मी होतो, अव्वा. हात धरून."

"काय बोललास त्याच्यासंग?"

"माझ्या देवाकडं मागणं केलं. त्यानंच सांगितलं होतं."

तिनं माझा हात हातात घेतला. मग म्हणाली, "बरं केलंस, बाबा. लई लोकं एकटीच जात्यात. तू जवळ बसत जा."

वडिलांनी इतकी वर्षं सांगूनही जे पटलं नव्हतं, ते तिथं पटलं. पेन्शनीला येईपर्यंत नोकरी इमानानं केली. मग बायबलचं शिक्षण घेतलं आणि पाळक झालो. आता लोहाऱ्यात चर्चची छोटी मंडळी सांभाळतो. आठवड्यातले दोन दिवस उमरग्याच्या दवाखान्यांत असतो. हायवेवरच्या अपघातातले, परमुलखातले ट्रकवाले, ज्यांचं जवळ कोणी नाही, त्यांच्या खाटेपाशी बसतो. धर्म विचारत नाही. हेच माझं पाचारण, यात मला आता तिळभर संशय नाही.

वर्षाच्या शेवटच्या उपासनेत आमच्याकडं गेलेल्यांची नावं वाचतात. पहिल्या वर्षी मी त्यात शिवानंदचंही वाचलं, तेव्हा एकानं विचारलं, "पाळकसाहेब, हा आपल्या मंडळीतला नव्हता ना?"

म्हणालो, "माझ्या पोस्टवरचा होता."

त्यानंतर कोणी विचारलं नाही. यंदा अव्वा एसटीनं आली, बायकांत पुढं बसली. मी सावधान उभा राहिलो आणि वाचलं: शिपाई शिवानंद बिराजदार, वय चोवीस. सगळी मंडळी उठून उभी राहिली.