गुरुवारचं हॉटेल

बुधवारी दुपारी दोन वाजून पन्नास मिनिटांनी भीमराज ओव्हाळ लेथवर दिवसातला शेवटचा ब्रेकड्रम बांधत होता. पहिली पाळी साडेतीनला सुटे. पण त्याआधी मशीन पुसायचं, पायाखालचा लोखंडाचा कीस झाडून डब्यात भरायचा, मगच हात धुवायला जायचं. भीमराजचे डोळे जड झाले होते. काळेवाडीत तो एक खोली बांधत होता. पहाटे पाचला उठून विटांवर पाणी मारायचं आणि तिथूनच सायकलने पिंपरीला कारखान्यात यायचं, असं तीन महिने चाललं होतं. साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर, महिना फेब्रुवारी.

"भीमराज, ड्रम फिरतोय का तू?" शेजारच्या मशीनवरून मुरारी म्हणाला.

"दोघंबी."

"मग उद्याला ताजा हो. उद्या माझी पाळी हाय."

ही पाळी कारखान्याची नव्हती. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. बाकीचं जग त्या दिवशी कामावर, पोरं शाळेत. त्यामुळे कामगाराला गुरुवारी करायला फारसं काही नसतं. भीमराज, मुरारी आणि इन्स्पेक्शनमधला साहेबराव या तिघांनी त्यावर एक उपाय काढला होता. दर गुरुवारी बसने पुण्याला जायचं आणि एक नवं हॉटेल बघायचं. ज्याची पाळी असेल त्याने हॉटेल निवडायचं आणि तिघांसाठी मागवायचंही त्यानेच. बाकीच्यांनी समोर येईल ते गुमान खायचं. एकदा पाहिलेल्या हॉटेलात पुन्हा जायचं नाही.

दोन वर्षांत त्यांनी बरंच पुणं खाऊन पाहिलं होतं. कॅम्पातल्या इराण्याकडे बनमस्का आणि पानी कम चहा. स्टेशनाजवळच्या उडप्याकडे मसाला डोसा. तो कुठल्या टोकाकडून खायचा यावर मुरारी आणि साहेबराव यांच्यात वाद झाला होता. लक्ष्मी रोडवर माडीवरचं एक हॉटेल, जिथे 'फॅमिलीसाठी राखीव' लिहिलेल्या पडद्याआड ते तिघे चुकून जाऊन बसले आणि वेटरने त्यांना उठवलं. डेक्कनवर कॉफीचं एक दुकान, जिथे कॉलेजातली मुलं एका कपावर दुपार काढत.

बाहेर पडलं की निकाल साहेबराव देई. तो उदगीरकडचा, कारखान्यात ड्रमची मापं तपासायचा, आणि पदार्थालाही तेच शब्द लावायचा. पास, रीवर्क किंवा स्क्रॅप. माडीवरचे बटाटेवडे स्क्रॅप झाले होते. डेक्कनच्या कॉफीला त्याने रीवर्क दिलं होतं. "साखर कमी हाय का दूध, तेच कळंना बघा," तो म्हणाला होता.

भीमराज निकालात पडत नसे. त्याला चवीचं फारसं नव्हतं. पहिल्याच गुरुवारी, इराण्याकडे, चहा संपल्यावर तो उठला, आपला कप-बशी घेऊन कोपऱ्यातल्या नळाकडे गेला आणि धुवायला लागला. गल्ल्यावरचा म्हातारा इराणी पाहतच राहिला. दोघे मित्र पोट धरून हसले. "आरं, ह्याला वाटलं कँटीनच हाय," मुरारी म्हणाला. भीमराजही हसला आणि म्हणाला, "सवय, दुसरं काय." सवयच होती. पण ती कँटीनची नव्हती, हे त्याने सांगितलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं तो न चुकता येत राहिला. त्याची बायको कस्तुरा म्हणायची, "आठवड्यात एक दिस मिळतो, झोप काढा की." तो म्हणायचा, "जाऊन येतो." पुण्याच्या हॉटेलात टेबलाशी बसलं की वेटर तीन कप आणून ठेवत असे. तिन्ही सारखे. कुठला कोणापुढे जाईल हे वेटरलाही ठाऊक नसे. भीमराज दर वेळी वेटरच्या हातांकडे बघत असे, आणि कप टेबलावर टेकले की पाठ खुर्चीला टेकवत असे. एवढ्यासाठी तो झोप मोडून येत होता.

"उद्या कुठं?" त्याने मशीन पुसता पुसता विचारलं.

"उद्या पुणं न्हाई," मुरारी म्हणाला. "आमच्या गावाला. आबाजी काकानं फाट्यावर नवं हॉटेल टाकलंय. सनमायकाची टेबलं, आरसे, रेडिओ. त्याची मिसळ खाल्ली की तुमचा कॅम्प न डेक्कन समदं स्क्रॅप."

इन्स्पेक्शनच्या टेबलावरून साहेबराव ओरडला, "निकाल म्या देणार, तू न्हाई."

भीमराजच्या हातातलं फडकं थांबलं. मुरारीचं गाव चाकणच्या पुढे, नाशिक रस्त्यावर. भीमराजचं त्याच्या पलीकडे दोन कोसांवर. आबाजीचं जुनं हॉटेल त्याने लहानपणी पाहिलं होतं. पत्र्याचं छप्पर, आत दोन बाकडी, आणि बाहेरच्या लाकडी मेढीला खिळ्यावर अडकवलेले टवके उडालेले कप. बाजाराच्या दिवशी बापाबरोबर आलं की खिळ्यावरचा कप काढायचा, रांजणातल्या पाण्याने विसळायचा, हात लांब करून पुढे धरायचा. आबाजी वरून चहा ओतायचा. उकिडवं बसून प्यायचा, कप पुन्हा विसळायचा, खिळ्याला लावायचा. त्या गोष्टीला वीस वर्षं झाली होती. मधल्या काळात कायद्याने हा प्रकार गुन्हा ठरवला होता. भीमराजच्या घरच्यांनी बौद्ध धर्म घेतला होता, आणि भीमराज आयटीआय होऊन पिंपरीला आला होता. आबाजीने टेबलांना सनमायका लावला होता. आणखी काय बदललं होतं, हे त्याला माहीत नव्हतं.

मुरारीला भीमराज कोण हे चांगलं ठाऊक होतं. चौदा एप्रिलला भीमराज रजा टाकी, तेव्हा त्याच्या वाटणीचं मशीन मुरारीच साफ करी. तरीही त्याने हे आमंत्रण दिलं होतं. म्हणजे तिथे सगळं ठीक असेल, असा एक अर्थ निघत होता. दुसराही निघत होता. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार होतं, आणि खरं कारण सांगायचं तर खिळ्यापासून सुरुवात करावी लागली असती. तेवढं बोलण्याची ताकद त्या दुपारी त्याच्यात नव्हती.

"येतो," तो म्हणाला.

गुरुवारी दहाच्या सुमारास तिघे नाशिक फाट्यावर एसटीत चढले. भोसरी गेलं, मोशी गेलं. मुरारी खिडकीशी बसून कोणाचं शेत कुठवर आहे ते दाखवत होता. साहेबराव मध्येच म्हणाला, "आरं, मिसळ लांब हाय का तुझं शेत संपायलं न्हाई?" भीमराज झोपेचं सोंग घेऊन बसला होता. सोंग घेता घेता चाकणच्या अलीकडे त्याला खरोखर डुलकी लागली.

हॉटेल मुरारीने सांगितलं तसंच होतं. निळ्या रंगाच्या भिंती, चार टेबलं, समोरासमोर दोन आरसे. गल्ल्यामागच्या फळीवर गुलाबाच्या चित्राचे पांढरे कप ओळीने पालथे घातलेले. बाहेरच्या खांबाला एकही खिळा नव्हता. भीमराजने तो खांब आधी पाहिला आणि मगच आत पाऊल टाकलं.

आबाजीने पुतण्याचं स्वागत केलं. साहेबरावाला गाव विचारलं, तिकडे पाऊसपाणी कसं ते विचारलं. मग तो भीमराजकडे वळला.

"पाव्हणं कुठलं?"

भीमराजने गावाचं नाव सांगितलं.

"आसं. कोणाच्यातलं?"

"ओव्हाळ."

आबाजीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "सख्याचा का रं तू?"

आत्ताच पाव्हणं होता, तो एका शब्दात रं झाला. भीमराज म्हणाला, "व्हय. सखारामांचा."

"कंपनीत हायेस व्हय. बरं झालं. बस, बस." आबाजीच्या बोलण्यात राग नव्हता. खुर्ची त्याने हातानेच दाखवली, तीही त्याच टेबलाची. भीमराज बसला. मिसळीच्या तीन बशा आल्या, तिन्ही सारख्या ॲल्युमिनियमच्या. पाव आला. साहेबरावाने पहिला घास घेतला, डोळे पुसले आणि म्हणाला, "पास. मुरारी, कबूल. पास." मुरारीने टेबलावर थाप मारली. भीमराजनेही खायला सुरुवात केली. मिसळ खरंच चांगली होती. पाठ खुर्चीला टेकवायला हरकत नाही असं त्याला वाटायला लागलं.

मग चहा आला. आबाजीने स्वतःच आणला. मुरारीपुढे गुलाबाचा कप आणि बशी. साहेबरावापुढे गुलाबाचा कप आणि बशी. भीमराजपुढे काचेचा पेला, बुडाशी लाल ऑइलपेंटचा एक ठिपका लावलेला.

रेडिओवर कामगारांसाठीचा कार्यक्रम चालू होता. भीमराजने पेल्याकडे पाहिलं, मग फळीकडे. साहेबरावाची नजर त्याच्या नजरेमागे गेली आणि तोही फळीवरच्या कपांकडे बघत राहिला. मुरारीने कप तोंडाला लावला होता. टेबल गप्प झालेलं त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याने कप खाली ठेवला.

"काका, ह्याला बी कप द्या की."

"पेला चांगला हाय. जास्त मावतंय त्यात," आबाजी म्हणाला.

"तरी पण."

"मुरारी," आबाजी आवाज न चढवता म्हणाला, "गावातली समदी माणसं येत्यात हितं."

मुरारीने क्षणभर काकाकडे, मग भीमराजकडे पाहिलं. तो काहीतरी बोलेल म्हणून साहेबराव थांबला होता. भीमराजही थांबला होता. दोन वर्षांचे गुरुवार मुरारीच्या पुढच्या एका वाक्यावर येऊन टेकले होते.

"पी रं," मुरारी हळूच म्हणाला. "चहा तोच हाय."

भीमराज उठला. पेल्याला त्याने हात लावला नाही, खुर्ची मात्र नीट आत सरकवली, आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन एसटीच्या थांब्यावर बसला. पाच मिनिटांनी साहेबराव आला. त्याने बिडी पेटवली, एक भीमराजला दिली. चाकणच्या बाजाराचे कांद्याचे दोन ट्रक गेले.

मुरारी यायला बराच वेळ लागला. तो आला तेव्हा त्याच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेला पुडा होता.

"काकानं भजी दिलीत," तो म्हणाला. "वाटंत खायला."

एसटीत तिघांना एकच बाकडं मिळालं. पुडा मुरारीच्या मांडीवर होता आणि त्याचं तेल कागदातून विजारीवर उतरत होतं. मोशी आल्यावर साहेबराव म्हणाला, "मुरारी, तुला ठाव हुतं का?"

"काय?"

"काय म्हणून काय इचारायलास? पेल्याचं."

मुरारी खिडकीबाहेर बघत होता. "लहानपणापासनं बघतोय," तो शेवटी म्हणाला. "तवा कप बाहेर असायचं. आता पेलं आत हायेत. ह्याला बोलवताना ध्यानातच न्हाई आलं. आईशप्पथ."

ते खरं होतं, हे भीमराजला कळत होतं. मुरारी खोटं बोलणारा माणूस नव्हता. जे भीमराज वीस वर्षं विसरू शकला नव्हता, ते मुरारीला लक्षात ठेवायची कधी गरजच पडली नव्हती. त्याच्यावर चिडायला बळ लागलं असतं. भीमराजने डोकं समोरच्या बाकाच्या दांडीला टेकवलं.

"काकाचं वय झालंय," मुरारी म्हणाला.

"मी काय म्हणलो का?"

"म्हण की मग. शिव्या घाल. गप बसू नगस."

"दमलोय मुरारी," भीमराज म्हणाला. "पुण्यात तू बसतोस माझ्यासंगं, ते खोटं नव्हतं. पण आज तुझी पाळी हुती."

मुरारीने पुड्याची सुतळी सोडली, पुन्हा बांधली. भोसरीला गर्दी चढली आणि उभ्या माणसांचे कोपर त्यांच्या डोक्याला लागायला लागले.

"पुढच्या गुरुवारी तुझी हाय," मुरारी जरा वेळाने म्हणाला. "कुठं जायाचं?"

एरवी भीमराजकडे नाव तयार असे. आठवडाभर तो चौकशी करी. कोणी पुण्याहून आलं की कुठे काय चांगलं मिळतं ते विचारून ठेवी. या वेळीही त्याच्या मनात एक नाव होतं. मंडईजवळ एक नवं हॉटेल निघालं होतं, तिथे उभं राहून खायची सोय आहे असं त्याने ऐकलं होतं.

"पुढच्या गुरुवारी मी ओव्हरटाइमला हाय," तो म्हणाला. "साफसफाईला."

"नाव कवा दिलंस?" साहेबरावाने विचारलं.

"दिलं न्हाई अजून."

नाशिक फाटा आला. तिघे उतरले. मुरारी आणि साहेबराव पिंपरीच्या बाजूला चालायला लागले. भीमराजने सायकल एका पानवाल्याकडे ठेवली होती, ती घेऊन तो काळेवाडीकडे वळला. ऊन अजून होतं, विटांना संध्याकाळचं पाणी मारायला वेळ होता. कस्तुराने विचारलं, "आज लवकर?" तो म्हणाला, "जवळच गेलो हुतो."

गुरुवारी कारखान्यात मशिनं बंद असतात, पण साफसफाईला आणि दुरुस्तीला माणसं लागतात. त्यांची नावं आदल्या आठवड्यातच द्यावी लागतात. सुपरवायझर ती शुक्रवारी घेतो, सकाळी नऊच्या आत. उद्या शुक्रवार आहे, आणि भीमराजची पाळी सातला सुरू होते.