पॅनेल कुणी अडवली

आमच्या गल्लीत अजूनही सांगतात, की वीज कार्यालयानं माझ्या पुतणीचा सौरऊर्जेचा अर्ज दोन वर्षं अडवून ठेवला. ते खरं नाही. अडवला मी.

इकडं तमिळ मुलखात, राजवाड्यामागचं आमचं मराठी घर सामाईक. पुतणी खालच्या खोल्यांत इडली-डोशाचं पीठ दळून विकते. विजेचं बिल झेपेना म्हणून दोन ग्राइंडरपैकी एक तिनं बंद केला आणि गच्चीवर पॅनेल बसवायला फोनवरूनच अर्ज भरला. मला विचारलं नाही. जवळच्या ओरत्तनाडू गावी सरकारी कचेरीत माझी सारी नोकरी झाली. घरातला प्रत्येक कागद माझ्या हातून जायचा. मला ते लागलं.

कार्यालयानं एवढंच मागितलं : सगळ्या हिस्सेदारांचं संमतिपत्र. चेन्नईच्या चुलतभावानं सही करून पाठवलं. मी म्हटलं, "दे इकडे, माझी सही करून मीच देऊन येतो." आणि कपाटात ठेवून दिलं. ती विचारायची तेव्हा म्हणायचो, "कचेऱ्या अशाच गं." माझ्या शब्दावर तिचा विश्वास होता. बायकोला मात्र सांगायचो, गच्ची पॅनेलनी भरली तर श्राद्धाला कावळा कुठं बसेल?

यंदा भावाच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, श्राद्धाला गच्चीवर कावळ्यासाठी भात ठेवला. कावळा शेजाऱ्यांच्या पॅनेलवर येऊन बसला, तिथून उतरून निवांत जेवून गेला. पुतणी हात जोडून म्हणाली, "अप्पा, त्या आफिसवाल्यांना बुद्धी दे." मला तिथं उभं राहवेना. खाली जाऊन कागद आणला आणि तिच्या हातात दिला.

"काका, हे तुमच्याकडंच होतं?"

"होय. दिलंच नाही मी."

"ऐयो! आणि मी त्या इंजिनिअरला काय काय बोलले! मला बघितलं की तो जेवायला उठायचा."

मी माफी मागितली. तिनं कागद उलगडला, माझ्या सहीची जागा रिकामीच होती. मग म्हणाली, "आधी सही करा. उद्या माझ्याबरोबर चला, त्याला तुम्हीच सांगा."

तिच्या मोपेडवर मागे बसून गेलो. चार माणसांदेखत इंजिनिअरला तमिळमध्ये सगळं सांगितलं. त्यानं खुर्ची दिली, कागद घेतला, गच्ची बघायला येण्याचा दिवस ठरवला. "आता बाई शिव्या देणार नाहीत ना?"

"नवा मीटर लागेपर्यंत देणार," पुतणी म्हणाली.

काल तो आला. गच्ची मोजताना टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. पुतणीनं मला हाक मारली.