तीन मास्तर, एक माणूस

मला राग आला की मी आधी बोलते आणि मग विचार करते. घरचे याला स्वभाव म्हणतात, शाळेत कामाची तळमळ म्हणतात. हिर्डोशीच्या बाजूला एका भाताच्या खाचरात मी उतरले ती याच गुणामुळे.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. तालुक्यात नव्याने लागलेल्या शिक्षकांचं प्रशिक्षण असलं की भोरला जाऊन त्यांनाही शिकवते. प्रशिक्षण म्हणजे चार्टपेपर, स्केचपेन, दुपारचा वडापाव आणि ‘मुलींची गळती रोखण्याचे उपाय’ यावर गटचर्चा. त्या वर्षी एका गटाने उपायांचं झाड काढलं, दुसऱ्याने उपायांची आगगाडी. डबे छान रंगवले होते. मी म्हटलं, पुरे झालं, आता जिची शाळा सुटायला आलीय तिच्याच घरी जाऊ. दोघे तयार झाले. एक पुण्याहून आलेले सर, पायात पांढरेशुभ्र बूट. दुसऱ्या उत्रोलीच्या नव्या बाई, ज्यांना शिकायचंय म्हणून आईने कधी चिखलात उतरू दिलं नव्हतं.

मुलगी माझ्याच दहावीच्या वर्गातली. उत्तर आलं की हात वर करून भागायचं नाही, उभीच राहायची. भाताची लावणी सुरू झाली आणि ती यायची बंद झाली. तिची थोरली बहीण अशीच नववीत असताना लावणीला गेली, महिनाभराने परत यायला लाजली, आणि शाळा सुटली ती सुटलीच. आता धाकटीचंही तेच होणार, याची मला धास्ती होती.

एसटीतून उतरून वर चालत गेलो, तर मायलेकी तिघीही शेजारच्या मावशींच्या खाचरात वाकलेल्या. आई बांधावर आली. आमचं सगळं ऐकून घेतलं.

“बाई, पोरीनं शिकावं आसं मला वाटत न्हाई व्हय? पर सावड हाय. मावशीच्या घरची मानसं आमच्यात लावून गेली. आता आमच्या घरचं मानूस नको द्यायला?”

सावड म्हणजे मजुरी न घेता एकमेकांच्या शेतात राबायचं. ज्या घराने माणूस दिलं, त्या घराला माणूस परत द्यायचं. यात कुचराई केली तर पुढच्या लावणीला तुमच्या बांधाकडे कुणी फिरकत नाही. आईचं काहीच चुकत नव्हतं, आणि त्यामुळेच मला जास्त राग आला.

“माणूसच पाहिजे ना? मग तिच्या जागी मी येते!”

खाचरात हशा पिकला. पण मी बोलून बसले होते आणि नवे शिक्षक माझ्याकडे बघत होते. साडी खोचली नि उतरले. पाठोपाठ उत्रोलीच्या बाई. सरांनी बूट काढून बांधावर नीट जोडीने ठेवले आणि पहिल्याच पावलाला चिखलात बसले.

कंबरडं मोडणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. माझी रोपं पाठ वळली की पाण्यावर तरंगायला लागायची. मावशी कमरेवर हात ठेवून आमचा प्रकार बघत होत्या. शेवटी त्यांनी निकाल दिला, “तुमा तिघांचं मिळून एक मानूस धरते.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझं इतकं रोखठोक मूल्यमापन कुणी केलं नव्हतं.

माझ्या शेजारी थोरली बहीण लावत होती. स्वतःची ओळ लावता लावता माझी तरंगती रोपं गुपचूप रोवून द्यायची. मग मान वर न करता म्हणाली, “बाई, दहावीला त्रिकोन हायेत का अजून?”

“आहेत की.”

“मला लई आवडायचे,” म्हणाली आणि पुढे सरकली.

दुसऱ्या दिवशी धाकटी शाळेत हजर. मावशींनी उरलेल्या पाळ्या शनिवार-रविवारवर ढकलल्या आणि आम्ही तिघं लावणी संपेपर्यंत जात राहिलो. सरांनी नंतर बूट आणणंच सोडलं. मी भलतीच खूश होते. आपण त्या घरावर केवढे उपकार केले, हे चार ठिकाणी सांगूनही झालं.

लावणी उरकल्यावर एका सकाळी आई शाळेच्या दारात उभी. शेजारी थोरली, धुतलेला ड्रेस, तेल लावून घट्ट वेणी.

“सावड फेडाया आलोय,” आई म्हणाली.

“अहो, फेडता कसली! आम्ही आपलं सहज केलं.”

ती दुखावली. “सहज कसं? तुमी मानूस दिलं, आमी न्हाई द्यायचं व्हय? फुकटचं आमाला नको.”

“पण आमच्याकडे शेत कुठंय? तुम्ही इथं काय काम करणार?”

“मी न्हाई. हिला आनलंय.” तिने लेकीला पुढे केलं. “तुमच्यात जे काम आसंल ते हिला द्या.”

मला वाटलं, वर्ग झाडायचा, पाणी भरायचं, असलं काही तिच्या मनात आहे. मी नको नको करत राहिले. शेवटी थोरलीच ओढणीचं टोक पिळत म्हणाली, “बाई, हितं शिकायचंच काम आसतंय ना?”

आधी बोलणारी मी, पण या वेळी आधी तिचा हात धरला. रडू येत होतं, आणि आनंदही झाला होता. शाळा सुटलेल्यांनाही बाहेरून दहावीला बसता येतं, तेही मग आठवून आठवून सांगितलं. तिला वर्गात नेलं. धाकटीने बाकावर सरकून जागा केली.

आई मात्र अजून दारातच होती. जाता जाता तिने मला बजावलं, “बाई, तुमच्यावानी तिघांत एक धरू नका हिला. पुरं मानूस हाय.”